लकवा झाला तर दवाखाना कसा पारखावा?

कुणाच्या अंगावरून वारं गेलं, कुणाला लकवा मारला, कुणाला पॅरालिसिस झाला, असे आपण वस्तीत ऐकतो. वैद्यकीय भाषेत यालाच पक्षाघात किंवा ब्रेन स्ट्रोक म्हणतात. मेंदूला रक्त नेणारी नळी एकतर गुठळीने बंद होते किंवा फुटते. दहातल्या आठ-साडेआठ रुग्णांत कारण गुठळीचे असते, उरलेल्यांत रक्तस्रावाचे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे ही लक्षणे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेत. ती ओळखावीत कशी, हे आरोग्याच्या पानावर पुष्कळदा छापून येते. रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावर तिथे त्याला बरे उपचार मिळत आहेत की नाही, हे घरच्यांनी कसे ओळखायचे, यावर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. या वेळी आम्ही तोच धडा घेतला आहे.

हा धडा महत्त्वाचा का? रिक्षा चालवणारा, नाक्यावर काम शोधणारा, धुणीभांडी करणारी माणसे चाळिशी-पन्नाशीत लुळी पडली की सगळे घर बसते. त्यात चुकीच्या ठिकाणी चार दिवस गेले तर पैसेही जातात आणि हातपायही. आपण दवाखाना पारखतो तो बहुधा फरशीवरून, एसीवरून, डॉक्टरांच्या नावावरून आणि सलाईन लगेच लावले की नाही यावरून. पक्षाघाताच्या रुग्णाला या गोष्टींचा उपयोग फार थोडा असतो.

पारखण्याच्या तीन बाजू

दवाखान्याचा दर्जा मोजायचा कसा, याचा पाया अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली अमेरिकेत घातला. त्यांनी तीन बाजू सांगितल्या. पहिली, दवाखान्यात काय आहे : खाटा, यंत्रे, माणसे. दुसरी, रुग्णासाठी प्रत्यक्ष काय केले जाते आणि केव्हा. तिसरी, शेवटी रुग्णाचे काय झाले. जगभरच्या रुग्णालयांची तपासणी आजही याच तीन बाजूंनी होते.

पहिली बाजू सर्वांना दिसते आणि जाहिरातीतही तीच असते. तिसरी कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाला पाहता येते, विचारता येते आणि लिहून ठेवता येते ती दुसरी बाजू. म्हणून आम्ही तिच्यावरच भर देत आहोत.

पहिला तास : घड्याळाकडे पाहा

मेंदूची मोठी नळी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. म्हणून दर्जाची पहिली कसोटी म्हणजे घड्याळ.

दारात पोहोचताच डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारायला हवा : "रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता?" लक्षणे तुमच्या लक्षात कधी आली, ही वेळ वेगळी. रात्री दहाला नीट झोपलेली आजी पहाटे पाचला लुळी दिसली, तर वेळ रात्री दहापासून मोजतात. हा प्रश्न कुणीच विचारला नाही तर तुम्ही स्वतःहून वेळ सांगा आणि केस पेपरवर लिहायला सांगा. सगळे पुढचे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

त्यानंतर दोन गोष्टी लगेच व्हायला हव्यात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणे, कारण साखर फार उतरली तरी माणूस लकव्यासारखा दिसतो. आणि डोक्याचा सीटी स्कॅन. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून कुणालाही सांगता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असोत. दोन्हींचे उपचार उलट आहेत. म्हणून स्कॅन होण्याआधी अ‍ॅस्पिरिनची गोळी घरीही देऊ नका आणि दवाखान्यात कुणी देत असेल तर कारण विचारा. चांगल्या केंद्रांत दारात पोहोचल्यापासून २०-२५ मिनिटांत स्कॅन होतो.

गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते. १९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासाने ते पहिल्या ३ तासांत उपयोगी असल्याचे दाखवले. २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. साडेचार तास आहेत म्हणून रेंगाळायचे नसते. जितके लवकर तितका फायदा जास्त. दारापासून इंजेक्शनपर्यंत ६० मिनिटांच्या आत, हे चांगल्या रुग्णालयांचे लक्ष्य असते. मोठी नळी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचारही आहे. तो बहुतेक वेळा ६ तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो; मात्र तो मोजक्याच ठिकाणी होतो.

हे इंजेक्शन प्रत्येकाला देता येत नाही. रक्तस्राव, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे अशी नकाराची खरी कारणे असतात. इंजेक्शन दिले नाही एवढ्यावरून दवाखाना वाईट ठरत नाही. "आमच्या रुग्णाला ते का देता येत नाही?" याचे सरळ उत्तर मिळाले का, ते पाहा. आणि "आमच्याकडे ही सोय नाही" असे उत्तर असेल, तर लगेच योग्य ठिकाणी पाठवणारा छोटा दवाखानाही चांगलाच समजावा. सोय नसताना सलाईन लावून रात्रभर ठेवणारा मोठा दवाखाना त्याहून वाईट.

दुसरी कसोटी : पाण्याचा घोट, ताप आणि साखर

आपल्याकडे माणूस पडला की आधी तोंडात पाणी घालतात. पक्षाघातात हेच घातक ठरते. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. म्हणून रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा, गोळी, पेज काहीही जाण्याआधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. ती अवघड नसते. रुग्णाला सरळ बसवून चमचा-चमचा पाणी देतात आणि ठसका लागतो का, आवाज ओला-घोगरा होतो का, हे प्रशिक्षित सिस्टर पाहतात. तपासणीत नापास झाला तर नाकातून नळी घालून अन्न देतात.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९ पक्षाघात विभागांत एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काही विभागांत परिचारिकांना तीनच गोष्टींचे नियम लावून दिले : ताप ठरलेल्या वेळी मोजून लगेच उतरवणे, साखर मोजून आटोक्यात ठेवणे आणि गिळणे तपासणे. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा या विभागांत मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण ४२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या विभागांत ५८ टक्के. एवढा फरक थर्मामीटर, साखरेची पट्टी आणि पाण्याचा चमचा यांनी पडला.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत खाटेला अडकवलेला तक्ता पाहा. दर चार तासांनी ताप लिहिला आहे का? साखर लिहिली आहे का? गिळण्याची तपासणी झाली का, कोणी केली? हे सिस्टरना विचारायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. आदराने विचारा. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतील, तर हा तक्ता भरण्यात मदत करा, तापाची नोंद तुमच्याही वहीत ठेवा. खाटा जास्त आणि माणसे कमी, हा त्या सिस्टरांचा दोष नसतो.

तिसरी कसोटी : अंथरूण आणि उठबस

पक्षाघाताच्या रुग्णांना एकत्र ठेवून, डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, बोलणे शिकवणारे तज्ज्ञ अशा सर्वांनी मिळून पाहण्याच्या वेगळ्या विभागाला स्ट्रोक युनिट म्हणतात. अशा विभागात मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही कमी होतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. तरुण-म्हातारे, स्त्री-पुरुष, सौम्य-तीव्र सर्वांना त्याचा फायदा होतो. वेगळा विभाग नसला तरी त्यातली कामे साध्या वॉर्डातही होऊ शकतात.

ती कामे अशी : स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देणे, म्हणजे पाठीला-टाचेला जखमा होत नाहीत. लुळा हात उशीवर टेकवून ठेवणे; त्याला धरून कधीही न ओढणे, कारण खांदा निखळतो. लघवीची नळी गरज संपताच काढणे, नाहीतर संसर्ग होतो. फिजिओथेरपिस्टने पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन तपासणे. पहिल्या २४ तासांत रुग्णाला पुन्हा पुन्हा जबरदस्तीने उभे करू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याने तोटाच दिसला. पण दहा दिवस नुसते आडवे पडून राहणेही बरोबर नाही.

इथे खर्चाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेंदूची ताकद वाढवणारी म्हणून महागडी इंजेक्शने पुष्कळ ठिकाणी लिहून देतात. त्यांतले एक सिटीकोलीन. २०१२ साली युरोपात २,२९८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. तुमच्या चिठ्ठीत असे काही असेल तर औषध स्वतःहून बंद करू नका, पण "हे कशासाठी? याच्याशिवाय चालेल का?" हे विचारा. दागिना गहाण ठेवून आणलेल्या औषधाबद्दल विचारण्याचा हक्क घरच्यांना आहेच.

चौथी कसोटी : घरी सोडताना

पक्षाघात पुन्हा होऊ शकतो. पहिला का झाला, याचा शोध घेतल्याशिवाय घरी सोडले तर काम अर्धवट राहिले. हृदयाचा आलेख काढून ठोके अनियमित आहेत का, हे पाहिले पाहिजे. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, साखर आणि चरबीची तपासणी झाली पाहिजे. गुठळीचा पक्षाघात असेल तर गुठळी होऊ न देणारी गोळी, रक्तदाबाची गोळी, चरबी कमी करणारी गोळी डिस्चार्ज कार्डावर असायला हवी. कोणती किती दिवस घ्यायची, हेही. तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांबद्दल स्पष्ट सल्ला हवा. पुढची तारीख हवी.

घरच्या माणसाला शिकवले का, हेही पाहा : रुग्णाला कसे उठवायचे, कसे भरवायचे, नळी कशी सांभाळायची. मात्र "व्यायाम घरीच करून घ्या" एवढे सांगून दवाखान्याने हात झटकणे योग्य नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला, तरी मृत्यू आणि परावलंबित्व कमी झाले नाही. घरच्यांची सेवा मोलाची आहे, पण ती प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारा : ओपीडीत व्यायामासाठी कोणत्या दिवशी यायचे?

मालिश, गावठी काढा, कबुतराचे रक्त लावणे यांनी मेंदूतली गुठळी विरघळत नाही. त्यात जाणारे दिवस परत मिळत नाहीत.

मृत्यूंच्या आकड्याचा फसवा हिशेब

"त्या दवाखान्यात फार माणसे मरतात, तिकडे नेऊ नका" असे वस्तीत बोलले जाते. हा निष्कर्ष घाईचा असतो. सरकारी मोठ्या रुग्णालयात सर्वांत गंभीर रुग्ण येतात, पुष्कळसे खासगी दवाखान्यातून पैसे संपल्यावर येतात. मृत्यू जवळ आलेल्या रुग्णाला दुसरीकडे पाठवणाऱ्या दवाखान्याच्या वहीत मृत्यू कमीच दिसणार. म्हणून तुलना करताना रुग्ण आला तेव्हा किती गंभीर होता, हे धरावे लागते. त्यासाठी ० ते ४२ गुणांची एक मोजपट्टी जगभर वापरतात. गुण जितके जास्त तितका पक्षाघात तीव्र. आणि परिणाम मोजायचा तो तीन महिन्यांनी : रुग्ण स्वतः चालतो का, जेवतो का, कामावर गेला का.

नीट मोजमाप केले की काय घडते, याचे उदाहरण लंडनचे आहे. २०१० साली तिथे सुमारे ३० रुग्णालयांत विखुरलेले पक्षाघाताचे तातडीचे उपचार ८ खास केंद्रांत आणले आणि शहरातल्या सर्व रुग्णांना अ‍ॅम्ब्युलन्सने तिथेच नेण्याचे ठरवले. इंग्लंडच्या इतर भागांपेक्षा तिथले मृत्यू जास्त घटले. त्याच सुमारास मँचेस्टर परिसरातही बदल केला, पण तिथे लवकर पोहोचलेल्या रुग्णांनाच खास केंद्रात नेत होते. मृत्यूंमध्ये तसा जास्तीचा फरक सुरुवातीला दिसला नाही. हे कळल्यावर तिथलीही पद्धत बदलली. २०१३ पासून त्या देशात प्रत्येक रुग्णालयाची पक्षाघात सेवा तपासून तिला श्रेणी दिली जाऊ लागली आणि ती लोकांसमोर ठेवली जाऊ लागली. आपल्याकडेही अशी श्रेणी लोकांना दिसावी, ही मागणी आपण करायला हवी.

हक्क माहीत असू द्या

पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरावे लागले. त्याच्या मजूर संघटनेने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : तातडीचे उपचार न देणे हा संविधानाच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लिहिल्या गेलेल्या संविधानातले हे कलम कॅज्युअल्टीच्या दारातही आपल्यासोबत असते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची अ‍ॅम्ब्युलन्स मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कोणता उपचार त्यात बसतो हे त्यांना विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. आणि रागाच्या भरात "डामा"च्या कागदावर सही करून रुग्ण हलवू नका. आधी पुढच्या ठिकाणी खाट आहे का ते पाहा.

आजच करायचे काम

दवाखान्याची पारख माणूस पडल्यावर करता येत नाही. ती आधी करून ठेवावी लागते. प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन जणांनी, महिला मंडळाने किंवा तरुणांनी, जवळच्या चार रुग्णालयांत जाऊन विचारावे : सीटी स्कॅन रात्री दोन वाजताही चालू असतो का? गुठळीचे इंजेक्शन इथे देतात का? फिजिओथेरपिस्ट आहेत का? योजना लागू आहे का? यंत्र असणे वेगळे आणि रविवारी रात्री ते चालवायला माणूस असणे वेगळे. मिळालेली उत्तरे विहाराच्या फळ्यावर लावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारून घ्या.

रुग्ण दाखल झाला की वहीच्या एका पानावर एवढे लिहा :

१. शेवटचा ठणठणीत दिसला ती वेळ.
२. दवाखान्याच्या दारात पोहोचलो ती वेळ.
३. साखर तपासली ती वेळ.
४. सीटी स्कॅन झाला ती वेळ आणि निदान.
५. इंजेक्शन दिले ती वेळ. न दिल्यास सांगितलेले कारण.
६. गिळण्याची तपासणी कधी झाली.
७. तीन दिवसांचा ताप आणि साखर.
८. फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा कधी आले.
९. घरी सोडताना मिळालेल्या गोळ्या आणि पुढची तारीख.
१०. तीन महिन्यांनी रुग्ण काय काय स्वतः करू शकतो.

हे पान डॉक्टरांनाही उपयोगी पडते, तक्रार करायची वेळ आली तर तिथेही. एका वस्तीत अशी वीस-पंचवीस पाने जमली की कोणत्या दवाखान्यात वेळ वाया जातो, कुठे गिळणे तपासतात, कुठे नाही, हे तुम्हालाच दिसेल. मग महापालिकेकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाताना हातात अफवा नसेल, वेळेनिशी लिहिलेली नोंद असेल. दहावी शिकलेला कोणीही मुलगा किंवा मुलगी हे पान भरू शकते. घरातल्या एकाला आजच ते काम नेमून द्या.